‘कू द ग्रास’मधली दया

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. परवा तिचा निरोप आला. मुंबईच्या कापड गिरण्यांवरचा एक इंग्रजी लेख तिच्या हाती आहे आणि त्यातल्या एका वाक्यापाशी ती अडली आहे. वाक्य साधारण असं: गिरण्यांना ‘कू द ग्रास’ दिला तो १९८२च्या संपाने. ‘कू द ग्रास’ (coup de grâce) म्हणजे फ्रेंचमध्ये शब्दशः कृपेचा घाव, मरणाऱ्याची तळमळ संपवणारा. तिचे प्रश्न तीन. याचा खरा उच्चार काय, कारण तिच्या कार्यालयात सगळे ‘कू दे ग्रा’ म्हणतात. हे शब्द आले कुठून. आणि मराठीत काय लिहायचं. ‘शेवटचा घाव’ लिहिलं तर चालेल ना, असं तिने शेवटी विचारलंय.

चालेल, पण सगळीकडे नाही. ते का, हे सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. तीसेक वर्षं फ्रेंच शिकवताना आणि भाषांतरं करताना काही शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबले. हा त्यांतला एक. तेव्हा उत्तर लांबलं तरी सगळं वाच.

उच्चार आधी संपवू. कू द ग्रास. शेवटचा ‘स’ स्वच्छ ऐकू आला पाहिजे. ‘ग्रा’ म्हणणाऱ्यांना फ्रेंचचं काहीच माहीत नसतं असं नाही, उलट थोडं माहीत असतं आणि तेच नडतं. शब्दाच्या शेवटचं व्यंजन फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा मुकं असतं, हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. ‘कू’च्या शेवटी ‘पी’ आहे, तो लिहितात पण म्हणत नाहीत. ‘मार्दी ग्रा’ नावाचा सण आणि ‘फ्वा ग्रा’ नावाचा पदार्थ यांच्या शेवटी ‘एस’ आहे, तोही मुका. मग इथेही तसंच असणार, असं धरून चालतात. इंग्लंड-अमेरिकेतही हीच चूक सर्रास होते, आपल्याकडे ती तिथूनच आली. पण ‘ग्रास’च्या शेवटी व्यंजन नाही. ‘सी’च्या पुढे ‘ई’ आहे. हा शेवटचा ‘ई’ स्वतः गप्प बसतो आणि आपल्या आधीच्या व्यंजनाला बोलतं करतो. ‘फ्रान्स’मधला ‘स’ ऐकू येतो तो याच कारणाने. ‘ग्रा’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ चरबी. त्यामुळे ‘कू द ग्रा’ म्हटलं की फ्रेंच माणसाच्या कानावर दयेऐवजी चरबीचा फटका पडतो.

मधल्या ‘द’चा उच्चार मात्र मराठी माणसाला आयता येतो. फ्रेंच ‘द’ दातांना जीभ टेकवून होतो, अगदी आपल्या ‘दगड’मधल्यासारखा. इंग्रजीतून शब्द उचलताना आपण त्याचा ‘ड’ नाहीतर ‘डी’ करतो आणि हातातली सोपी गोष्ट अवघड करतो. लिहिताना ‘ग्रास’मधल्या ‘ए’वर फ्रेंचमध्ये एक छोटं छप्पर असतं. इंग्रजीत ते बहुतेक जण गाळतात, त्याला हरकत नाही. १९९०च्या लेखनसुधारणेत फ्रेंचांनी ‘आय’ आणि ‘यू’वरचं छप्पर बऱ्याच शब्दांत ऐच्छिक केलं, पण ‘ए’वरचं ठेवलं. त्यामुळे फ्रेंच मजकुरात ते आजही लागतंच. अनेकवचन लिहिताना ‘कू’ला ‘एस’ जोडतात. उच्चार बदलत नाही.

आता शब्दांकडे. ‘कू’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे येतात, टीव्ही केंद्राचा ताबा घेतलेले सैनिक येतात. ते ‘कू देता’, म्हणजे राज्यावर घातलेला घाव, आणि इंग्रजीने त्याचं तोडून नुसतं ‘कू’ केलं. फ्रेंच घरात मात्र हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो आणि त्यात रक्ताचा थेंब नसतो. वर्गात हा शब्द समजावताना मी बरीच वर्षं ‘फटका’, ‘प्रहार’, ‘आघात’ असे प्रतिशब्द देत होते. मुलांना अर्थ कळायचा पण शब्द हाताळता यायचा नाही. मग एकदा फळ्यावर उदाहरणं लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आलं की आपल्याकडे हे काम करणारा शब्द आहे, फक्त तो नाम नसून क्रियापद आहे: मारणे.

फ्रेंच माणूस ‘कू द फिल’ देतो, आपण फोन मारतो. तो ‘कू द फ्रँ’ देतो, आपण ब्रेक मारतो. तसंच हॉर्न मारणं, शिट्टी मारणं, झाडू मारणं, ब्रश मारणं, लाथ मारणं. या प्रत्येकासाठी फ्रेंचमध्ये ‘कू द’ आणि पुढे त्या वस्तूचं नाव येतं. एकच झटपट, एका दमात होणारी क्रिया, मग ती हाताने असो, पायाने असो की यंत्राने. आपण एखाद्या कागदावरून नजर मारतो, तिकडे ते ‘कू दय’. (डोळा मारणं वेगळं, त्याला तिथे दुसरा शब्द आहे. या दोघांत गल्लत करू नये.) जिथे ‘मारणे’ थांबतं तिथे ‘लागणे’ पुढे येतं: ‘कू द सोलेय’ म्हणजे ऊन लागून कातडी भाजणं. आणि ‘कू द फूद्र’ म्हणजे शब्दशः वीज कोसळणं, अर्थ मात्र पहिल्या नजरेत प्रेमात पडणं. हे एकदा बसलं की ‘कू’ची भीती जाते.

शब्दाचं कूळही पाहण्यासारखं आहे. ग्रीकमध्ये ‘कोलाफोस’ म्हणजे थोबाडीत, बुक्की. लॅटिनमध्ये त्याचं ‘कोलाफुस’ झालं. येशूला पकडल्यावर मारतात त्या प्रसंगी लॅटिन बायबलमध्ये हाच शब्द आहे. बोलीभाषेत झिजत तो ‘कोल्प’ झाला, आणि मग ‘कू’. त्याच्यापासून ‘कूपे’ हे क्रियापद आलं. अर्थ आधी मारणे, मग घाव घालून तोडणे, आणि पुढे नुसतं कापणे. कापून घ्यायचा तुकडा म्हणजे ‘कूपन’. कॅन्टीनचं कूपन फाडताना आपण या घराण्यातला शब्द फाडत असतो. रेल्वेच्या पहिल्या वर्गात दोन बर्थची जी ‘कूपे’ असते, तीही याच घरातली. पूर्ण डब्याचा कापलेला छोटा भाग.

दुसरा शब्द ‘ग्रास’. इथे मराठी वाचकाला एक चकवा आहे. घास या अर्थाचा ‘ग्रास’, खग्रास ग्रहणातला ‘ग्रास’, ‘रोगाने ग्रासलं’ हे सगळं आपल्या कानात असतं आणि प्रसंग मरणाचा असल्यामुळे ‘मृत्यूचा ग्रास’ असं काहीतरी जुळल्यासारखं वाटतं. दर दोन-तीन वर्षांनी एखादा विद्यार्थी मला हे उत्साहाने येऊन सांगतो. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फ्रेंच ‘ग्रास’ आला लॅटिन ‘ग्रातिया’वरून: कृपा, मर्जी, उपकार. त्याच्या मुळाशी ‘ग्रातुस’ आहे, म्हणजे आवडता, स्वागतार्ह. या ‘ग्रातुस’चा संस्कृतात खरोखरच एक भाऊ आहे, पण तो ‘ग्रास’ नव्हे. तो वेदातला ‘गूर्त’, म्हणजे ज्याची स्तुती झाली, ज्याचं स्वागत झालं असा. मराठीपर्यंत तो पोचला नाही. मात्र त्याच लॅटिन घरातला एक शब्द इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला आणि नोकरदाराच्या तोंडी कायमचा बसला: ग्रॅच्युइटी. मूळ अर्थ, खुशीने दिलेली रक्कम. गिरण्या बंद पडल्यावर कामगारांनी जिच्यासाठी खेटे घातले तीच ही.

फ्रेंच कायद्यात ‘ग्रास’ला फार नेमका अर्थ आहे. शिक्षा झालेल्याला राज्यकर्त्याने दिलेली माफी किंवा सूट म्हणजे ‘ग्रास’. पूर्वी ती राजा देई, आज फ्रान्सच्या १९५८च्या संविधानाचं १७वं कलम तो अधिकार राष्ट्राध्यक्षांना देतं. आपल्याकडे संविधानाच्या ७२व्या कलमाखाली राष्ट्रपतींकडे जातो तो ‘दयेचा अर्ज’ याच जातीचा. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच वर्तमानपत्रात ‘ग्रास नाकारली’ असं वाचलं की वाचकाला कळायचं, उद्या पहाटे मान जाणार. तेव्हा ‘ग्रास’ म्हणजे नुसती मनातली कणव धरू नकोस. वरच्याने खालच्याला, ज्याच्या हाती जीव आहे त्याने ज्याचा जीव आहे त्याला दिलेली सूट, असा तो शब्द आहे. ‘कू द ग्रास’चं सगळं मर्म यात आहे. माफी मिळण्याची वेळ टळून गेली, जगवणं कुणाच्या हातात उरलं नाही, आता द्यायला एकच सूट शिल्लक आहे: लवकर मरण.

ही सूट द्यायची रीत शब्दापेक्षा जुनी. मध्ययुगातल्या चिलखती सरदाराला घोड्यावरून पाडणं जमायचं, पण पडलेला तो जखमी होऊन तासन्‌तास तळमळत राही. त्याच्यासाठी एक अरुंद, लांबट, टोकदार खंजीर असे, चिलखताच्या फटीतून आत जाईल असा. त्या खंजिराचं नावच ‘मिझेरिकोर्द’, म्हणजे करुणा. पोर्तुगीज भाषेत आजही ‘कू द ग्रास’ला ‘गोल्प द मिझेरिकोर्दिया’ म्हणतात. गोव्यातल्या वाचकाला हा शब्द दानधर्माच्या जुन्या संस्थेच्या, सांता काझा दा मिझेरिकोर्दियाच्या नावातून ओळखीचा असेल. आजाऱ्याची सेवा करणारी संस्था आणि जखमीचा जीव घेणारा खंजीर, दोघांना एकच शब्द. त्या काळच्या माणसांना यात काही विसंगत वाटलं नव्हतं.

काहींना वाटलंही. आंब्रुआज पारे हा फ्रान्सचा मोठा शल्यवैद्य, पुढे चार राजांचा वैद्य झालेला. तरुणपणी, १५३७च्या सुमाराला, तो फ्रेंच सैन्याबरोबर तुरिनच्या मोहिमेवर गेला होता. म्हातारपणी त्याने त्या दिवसांची आठवण लिहून ठेवली आहे. घोडा बांधायला तो एका तबेल्यात शिरला. आत काही सैनिक मरून पडले होते, आणि तिघे भिंतीला टेकून बसले होते. बंदुकीच्या दारूने त्यांचे चेहरे भाजून ओळखू येईनासे झाले होते. त्यांना दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं आणि अंगावरचे कपडे अजून धुमसत होते. पारे त्यांच्याकडे बघत उभा असताना एक म्हातारा सैनिक आत आला. त्याने विचारलं, हे बरे होण्याचा काही उपाय आहे का? पारे म्हणाला, नाही. म्हाताऱ्याने पुढे होऊन तिघांचे गळे कापले. हळुवारपणे, रागाचा लवलेश न ठेवता, असं पारे लिहितो. पारेने त्याला दुष्ट म्हटलं. म्हातारा म्हणाला, माझ्यावर अशी पाळी आली तर माझ्यासाठीही कुणीतरी हेच करावं, अशी मी देवाची प्रार्थना करतो.

‘कू द ग्रास’ म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी आधी हा तबेला सांगते. पारेने ते शब्द वापरले नाहीत, तरी त्यांच्यात जे आहे ते सगळं त्या तबेल्यात आहे. दयाही आहे आणि दयेबद्दलची शंकाही. आजच्या युद्धकायद्यात जखमी, निःशस्त्र झालेल्या सैनिकाला मारणं हा गुन्हाच आहे, मारणाऱ्याचा हेतू दयेचा असला तरी. पारेचं मत शेवटी कायद्याने घेतलं.

शब्दप्रयोग मात्र फ्रेंचमध्ये रुजला तो रणांगणापेक्षा वधस्तंभापाशी. क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये दरोडेखोर आणि खुनी यांना चाकावर मोडायची शिक्षा असे. माणसाला लाकडी फुलीवर बांधायचं, जल्लादाने लोखंडी पहारीने हातापायांची हाडं मोडायची आणि मग तसाच, तोंड आकाशाकडे करून, एका चाकावर टाकून ठेवायचं. मरण यायला तास लागत. तेव्हा जल्लाद जर छातीवर किंवा पोटावर एक जोराचा घाव घालून शेवट करी, तर त्या घावाला ‘कू द ग्रास’ म्हणत. आधीचे सगळे घाव शिक्षेचे, हा एक कृपेचा. (टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीत फिन बॅलर हा मल्ल वरच्या दोरावरून उडी मारून पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर दोन्ही पाय आदळतो. त्या डावाचं नावही ‘कू द ग्रास’. माझ्या हल्लीच्या निम्म्या विद्यार्थ्यांना हा शब्द तिथूनच माहीत असतो, आणि घाव छातीवरच पडतो हे पाहून मी त्याच डावापासून धडा सुरू करते.)

या कृपेची एक कागदी बाजूही होती. न्यायालयं कधी कधी निकालपत्राच्या तळाशी एक गुप्त कलम घालत. त्याला लॅटिन नाव होतं, ‘रेतेंतुम’. ते लोकांसमोर वाचून दाखवत नसत. त्यात जल्लादाला हुकूम असे की पहिल्याच घावाआधी, किंवा अमुक घावांनंतर, किंवा इतक्या वेळाने याचा गळा आवळून टाकावा. जमलेल्या गर्दीला वाटायचं शिक्षा पुरी झाली. दया झाली हे फक्त न्यायाधीश, जल्लाद आणि मरणारा यांनाच ठाऊक. लोकांना दहशत बसली पाहिजे, पण माणूस फार हाल होऊन मरू नये, अशी ही कसरत होती.

तुलूझचा कापडाचा व्यापारी झाँ कालास याला १० मार्च १७६२ रोजी असंच चाकावर मोडलं. तो प्रोटेस्टंट होता, आणि मुलगा कॅथलिक होणार म्हणून त्याने त्याचा गळा आवळला असा आरोप होता. हाडं मोडल्यावर दोन तास तो चाकावर होता, मग जल्लादाने गळा आवळला. शेवटपर्यंत तो ‘मी निर्दोष आहे’ एवढंच म्हणत राहिला. व्होल्तेरने हे प्रकरण हाती घेतलं, अख्ख्या युरोपात गाजवलं आणि १७६५ साली कालासला मरणोत्तर निर्दोष ठरवण्यात आलं. खरी ‘ग्रास’ त्याला मिळायला हवी होती ती आधी. मिळाली ती दोन तासांनंतरची दोरी. हे चाक क्रांतीने मोडलं. २५ एप्रिल १७९२ला पॅरिसमध्ये पहिल्यांदा गिलोटिन चाललं. त्यात एकच घाव, तोच शिक्षेचा आणि तोच शेवटचा. कृपेचा वेगळा घाव घालायला जागाच उरली नाही.

ती उरली सैन्यात. गोळ्या घालून मारायची शिक्षा बारा-बारा सैनिकांची तुकडी देई. कुणाचा नेम चुके, कुणी मुद्दाम चुकवी, आणि माणूस जिवंत राहण्याची शक्यता असे. मग एक कनिष्ठ अधिकारी पुढे होऊन पिस्तूल डोक्याला लावून शेवटची गोळी घाली. तीही ‘कू द ग्रास’च. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने आपल्याच सहाशेहून अधिक जवानांना अशा शिक्षा दिल्या, कित्येकदा केवळ इतरांना धडा मिळावा म्हणून. त्या गोळीबाराच्या तुकडीला फ्रेंचमध्ये ‘पलोतों’ म्हणतात. मराठीतली ‘पलटण’ याच ‘पलोतों’वरून, इंग्रजी ‘प्लटून’च्या वाटेने आली, की ‘बटालियन’चा अपभ्रंश होऊन, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण दोन्ही वाटा मागे नेल्या तर फ्रेंचपाशीच पोचतात.

इंग्रजीने हा शब्दप्रयोग सतराव्या शतकाच्या अखेरीस घेतला. गंमत अशी की जर्मन, डच, स्पॅनिश, इटालियन या भाषांनी त्याला आपापले शब्द दिले, आणि त्या प्रत्येक शब्दात कृपा ऐकू येते. जर्मनमधला ‘ग्नाडेनश्टोस’ म्हणजे सरळ कृपेचा घाव. इंग्रजीने भाषांतर न करता आख्खा फ्रेंच माल उचलला. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याला त्यात ‘घाव’ही ऐकू येत नाही आणि ‘कृपा’ही. जे ऐकू येतं ते फक्त ‘शेवट’. मग शब्द मोकाट सुटतो. सामन्यातला शेवटचा गोल, वादातलं बिनतोड वाक्य, जेवणानंतर आणलेला केक, सगळ्यालाच ‘कू द ग्रास’. केकचं मला फार टोचतं. फ्रेंचमध्येही लाक्षणिक वापर भरपूर आहे, तिथेही दया पुसट झाली आहे. पण दुकान, उद्योग, सरकार यांना ‘कू द ग्रास’ मिळाला असं फ्रेंच लेखक लिहितो तेव्हा ते आधीच आचके देत होतं, हे त्याला सांगायचं असतं. तेवढी अट फ्रेंचने अजून सोडलेली नाही, आणि चांगल्या इंग्रजी लेखकांनीही नाही.

ही अट पारखायला आपल्या इतिहासातलं उदाहरण घे. पानिपतचा १७६१चा आघात मराठी राज्यावरचा ‘कू द ग्रास’ होता का? नव्हता. तो भयंकर तडाखा होता, पण घाव झेलणारा उभा राहिला, माधवरावांच्या काळात सावरला, पुन्हा उत्तरेत गेला. १८१८ला मात्र शब्द चपखल बसतो. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले, जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. सत्ता आतून आधीच गेलेली होती, वसईच्या तहापासून तर उघडउघड. १८१८ने फक्त शेवट केला. घाव किती मोठा हे या शब्दाला विचारायचंच नाही. ज्याच्यावर पडला तो त्या क्षणी कोणत्या अवस्थेत होता, हे विचारायचं.

आता तुझा तिसरा प्रश्न. मराठीत ‘कू’ आणि ‘ग्रास’ दोन्ही एकदम पकडणारा तयार शब्द नाही. ‘एक घाव दोन तुकडे’ चालणार नाही, तिथे आधीचे घावच नाहीत. ‘दुष्काळात तेरावा महिना’ नाही, त्यात संकट वाढतं पण संपत काहीच नाही. ‘उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी’ याच्या अगदी उलट: तो धडधाकट उंट असतो, ओझ्याने तेव्हाच मोडतो. ‘शवपेटीवरचा शेवटचा खिळा’ आपल्याकडे इंग्रजीतून फार बोकाळलाय, पण पेटीतला माणूस मेलेला असतो, मारायचं काही उरलेलं नसतं. ‘दयामरण’ हा वैद्यकाचा आणि कायद्याचा शब्द आहे, त्यात घाव नाही.

तरीही ‘ग्रास’ची बाजू मराठीत जिवंत आहे, आणि ती कोशात सापडत नाही, घरात सापडते. वर्षभर अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की शेजारची बाई हळू आवाजात म्हणते, ‘सुटली बिचारी.’ या ‘सुटली’त जे आहे तेच ‘ग्रास’. ते मला एका चुकीतून शिकायला मिळालं. सुरुवातीच्या काळात मी पहिल्या महायुद्धातल्या एका फ्रेंच सैनिकाच्या पत्रांचं भाषांतर करत होते. त्याचा घोडा तोफगोळ्याने जखमी होतो, आतडी बाहेर येतात, आणि हा त्याला ‘कू द ग्रास’ देतो. मी लिहिलं, ‘मी त्याच्यावर शेवटचा घाव घातला.’ माझ्या आईने ते वाचलं आणि विचारलं, ‘एवढा जीव लावला होता घोड्याला, मग चिडला कशाने?’ माझ्या वाक्यात तिला राग दिसला होता. शब्द सगळे बरोबर होते आणि माणूस चुकीचा उभा राहिला होता. मी ते वाक्य बदललं: ‘मी गोळी घालून त्याला सोडवलं.’ आई पुढे काही बोलली नाही, पान उलटून वाचायला लागली.

म्हणून माझी रीत अशी. मरणारा खराखुरा जीव असेल आणि मारणाऱ्याच्या मनात कणव असेल, तर ‘सोडवणं’, ‘सुटका करणं’. हेतू निव्वळ संपवण्याचा असेल, किंवा बळी म्हणजे उद्योग, पक्ष, राजवट असं काही असेल, तर ‘शेवटचा घाव’. आणि केक असेल तर ‘कू द ग्रास’ विसरून साधं ‘शेवटी आला तो केक’ लिहावं.

तुझ्या वाक्यात बळी गिरण्या आहेत, तेव्हा ‘घाव’ बरोबर. ‘सुटका’ इथे चुकूनही नको. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरणगावातल्या ज्या घरांत त्यानंतर चूल पेटायची पंचाईत झाली, त्या घरांत हे वाक्य वाचलं जाणार आहे. तिथे दयेचा वासही येता कामा नये.

पण एक गोष्ट लक्षात घे. लेखकाने ‘कू द ग्रास’ लिहिलं तेव्हा त्याने एक बाजू घेतली आहे. गिरण्या आधीच मरायला टेकल्या होत्या, असं तो म्हणतोय: जुनाट यंत्रं, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागांची स्पर्धा, कापडापेक्षा जमिनीला चढलेला भाव. हे न मानणारे लोक आहेत. त्यांच्या मते गिरण्या चालवता आल्या असत्या, मालकांना त्या चालवायच्या नव्हत्या, संप निमित्त झाला. अशा माणसाने हा शब्द वापरलाच नसता. तू नुसतं ‘संपाने गिरण्यांवर शेवटचा घाव घातला’ लिहिलंस, तर मराठी वाचकाला वाटेल की सगळा दोष संपाचा. लेखकाचं म्हणणं तेवढं कडक नाही. फ्रेंच शब्दात ‘आधीच मरणोन्मुख’ हे आत बसलेलं आहे, मराठी ‘घावा’त ते नाही. म्हणून ते बाहेर काढून लिहावं लागेल, आणि त्यासाठी आपल्याकडे सुरेख शब्द आहे: घरघर. मरणाऱ्याच्या घशातला आवाज. वर्तमानपत्रात ‘उद्योगाला घरघर लागली’ असं आपण रोज वाचतो.

तेव्हा मी असं लिहीन: ‘घरघर लागलेल्या गिरण्यांवर १९८२च्या संपाने शेवटचा घाव घातला.’ लेखकाचं मत तुला पटत नसलं तरी हेच ठेव, ते त्याचं मत आहे. आणि कार्यालयात कुणी ‘कू दे ग्रा’ म्हणालं, तर ‘फ्रान्स’ म्हणून दाखव आणि त्यातला ‘स’ ऐकव.